पंचवीस घरांचा एकत्र शिधा

सेंद्रिय धान्याच्या दुकानातील भावफलक व्यापारी कुटुंबातील माणूस वेगळ्या नजरेने वाचतो. बाजार समितीत आज तुरीचा सौदा कोणत्या भावाला झाला, हे त्याला ठाऊक असते. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर किलो डाळ उतरते, हेही ठाऊक असते. भरडाई, बारदान, हमाली, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरूनही त्याचा आकडा फलकावरील आकड्याच्या पुष्कळ खाली राहतो. मग तो पुडा पुन्हा फळीवर ठेवतो आणि घरी येऊन सांगतो, की हा सारा श्रीमंतांचा षोक आहे. त्याची बेरीज चुकलेली नसते. मात्र वहीतील एक रकाना बहुधा कोरा राहिलेला असतो, आणि सामुदायिक खरेदीचा सारा विचार त्या रकान्यापाशी सुरू होतो.

सेंद्रिय मालाच्या चढ्या भावाचे वाटेकरी मुख्यतः तीन. पहिला शेतकरी. रासायनिक खते व औषधे थांबविल्यानंतर हंगामी पिकांसाठी दोन वर्षे आणि फळबागांसाठी तीन वर्षे रूपांतराचा काळ धरला जातो. या काळात उत्पन्न बहुतेकदा घटते, आणि माल पूर्ण 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही. ही तूट त्याने पुढील वर्षांत भरून काढली, तर त्यात वावगे काही नाही. दुसरा वाटा प्रमाणपत्राचा, म्हणजे तपासनीस, कागदपत्रे आणि प्रयोगशाळा यांचा. तिसरा वाटा असतो अनिश्चिततेचा, आणि कोरा राहतो तो हाच रकाना.

मेथीचे उदाहरण घ्यावे. दुकानदाराने शंभर किलो मेथी चाळीस रुपयांनी घेतली. चार हजार रुपये गुंतले. संध्याकाळपर्यंत सत्तर किलो विकली गेली आणि तीस किलो सुकली. नफ्याचा विचार बाजूला ठेवून नुसती मुद्दल सोडवायची, तरी त्याला सत्तावन्न रुपयांचा भाव लावावा लागतो. रोजच्या मंडईत गिऱ्हाईक मोठे असल्याने ही घट थोडी राहते. सेंद्रिय मालाचे गिऱ्हाईक विरळ, विखुरलेले आणि लहरी. तेथे घटच भाव ठरविते. वाहतुकीचेही तसेच आहे. गावाकडून शहरात येणाऱ्या टेम्पोचे भाडे तीन हजार असेल आणि त्यात दोनशे किलो माल असेल, तर किलोमागे पंधरा रुपये पडतात. तोच टेम्पो हजार किलो घेऊन आला तर तीन. ग्राहकाच्या खिशातून गेलेले हे बारा रुपये शेतकऱ्याला मिळत नाहीत, दुकानदारालाही नाहीत. ते अर्ध्या रिकाम्या गाडीबरोबर रस्त्यावर खर्च होतात.

कुटुंबांनी आपली गरज आधी एकत्र करून सांगितली, रक्कम आधी भरली आणि सांगितलेला माल न चुकता उचलला, तर हा तिसरा वाटा जवळजवळ नाहीसा करता येतो. महिन्याला एका घरास गहू वीस किलो, ज्वारी-बाजरी पाच, तांदूळ पाच, डाळी-कडधान्ये सहा, गूळ दोन आणि हळद-शेंगदाणे मिळून दोन किलो लागतात असे मानले, तर चाळीस किलो होतात. पंचवीस घरांचे हजार किलो. म्हणजे एक भरलेला टेम्पो.

युक्ती जुनीच आहे

हा उपाय आजच्या शहरी फॅशनमधून निघालेला नाही. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस जणांनी एक लहानसे दुकान उघडले. त्यांत विणकर होते, इतर कारागीरही होते. विक्रीस होते पीठ, ओटचे भरड, साखर, लोणी आणि मेणबत्त्या, इतकेच. त्या काळी कामगार वस्तीत मिळणाऱ्या अन्नात भेसळ सर्रास असे, आणि उधारीत अडकलेल्या गिऱ्हाइकाला तक्रार करण्याची सोय नसे. रॉचडेलकरांनी दोन गोष्टी ठरविल्या: माल निर्भेळ आणि वजनात पुरा द्यायचा, आणि उधारी कोणालाच द्यायची नाही. वर्षाचा उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या ग्राहक सहकारी चळवळीने आपली घटना या दुकानावरून उचलली.

जपानमध्ये या विचाराने अन्नाच्या शुद्धतेकडे विशेष वळण घेतले. १९६५ साली टोकियोतील सेतागाया भागात सुमारे दोनशे गृहिणींनी एकत्र येऊन दुधाच्या तीनशे बाटल्यांची मागणी नोंदविली. त्यांचे उद्दिष्ट एवढेच होते, की दूध स्वस्त मिळावे. त्यातून 'सेइकात्सु क्लब' ही संस्था उभी राहिली. 'सेइकात्सु' म्हणजे जगणे, राहणी. शेजारच्या पाच-दहा घरांचा एक गट, गटाची एकत्र आगाऊ मागणी, आणि एका जिनसेचा सहसा एकच प्रकार, अशी तिची रीत. दहा तऱ्हेचे तांदूळ ठेवणारे दुकान आठ तऱ्हांची जोखीम उचलते आणि तिचा भार नवव्या-दहाव्या तऱ्हेवर टाकते. सेइकात्सुने ही जोखीमच काढून टाकली. १९८९ साली या संस्थेला 'राइट लाइव्हलीहूड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच देशात सत्तरच्या दशकात 'तेइकेइ' नावाची पद्धत रुजली. तिच्यात शेतकरी आणि ग्राहक परस्परांशी थेट बोलून भाव ठरवितात, आणि ठरलेल्या शेतातून जे पिकेल ते सारे ग्राहकांनी स्वीकारावे असा संकेत आहे. दुधी जास्त आला तर दुधी जास्त खायचा. ऐकायला सोपे वाटणारे हे कलम पाळायला सर्वांत कठीण आहे.

महाराष्ट्राला तर दूर पाहण्याचे कारणच नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारशेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि सदस्यांनीच तो वाटून घ्यायचा, अशी वितरणाची घडी बसविली. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके ही तिच्या उभारणीतील नावे. मध्यमवर्गीय मराठी घरांनी ही शिस्त दशकानुदशके सांभाळली आहे. सेंद्रिय खरेदीचा गट उभारू पाहणाऱ्यांनी प्रथम अशा एखाद्या जुन्या गटाचे वाटप उभे राहून पाहावे. पुस्तके वाचण्यापेक्षा त्यात अधिक शिकायला मिळते.

दलालाचे काम कोण करणार?

येथे व्यापारी कुटुंबांच्या मनातील एक नाजूक प्रश्न येतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या अडत किंवा किराणा चालत आला, त्यांनीच मधला व्यापारी वगळण्याच्या योजनेत सामील व्हावे काय? आपल्याच पोटावर पाय देण्याचा हा प्रकार नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांचे गट फार काळ टिकत नाहीत.

मधला व्यापारी नुसता बसून नफा घेतो, ही समजूत ज्यांनी व्यापार केलेला नाही त्यांची. मालाचा वक्कल पारखणे, ओलावा ओळखणे, प्रतवारी लावणे, शेतकऱ्याला हंगामाआधी पैसा पुरविणे, गोदामातील घट सोसणे, भाव पडला तर तोटा पचविणे, आणि किरकोळ दुकानदाराला उधारी देऊन ती वसूल करणे, एवढी कामे त्या नफ्यात बांधलेली असतात. खरेदी गटाला दलाली वाचविता येते. दलालाचे काम वाचविता येत नाही. ते गटातील कोणाला तरी करावेच लागते. जे गट बंद पडतात त्यांच्या इतिहासात बहुधा हेच आढळते, की भाव कमी हवा होता सर्वांना, आणि रविवारी सकाळी पोती उतरवायला उभे होते तिघेच.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील 'पार्क स्लोप फूड कोऑप' या १९७३पासून चालत आलेल्या मोठ्या सहकारी दुकानाने या दुखण्यावर रोखठोक उपाय केला. तेथे माल फक्त सभासदालाच मिळतो, आणि सभासदाला काही आठवड्यांतून एकदा पावणेतीन तास दुकानात काम करावे लागते. एका घरातील सर्व प्रौढांनी सभासद व्हायचे, म्हणजे एकाने राबायचे आणि चौघांनी खायचे असे होत नाही. कोणी वकील असो वा वैद्य, त्याची पाळी आली की तो फळ्या भरतो, चीज कापतो, हिशेब मांडतो. दुकानातील कामाचा मोठा भाग असा पगाराविना होत असल्याने खरेदीभावावर चढणारी रक्कम थोडी राहते.

पंचवीस घरांच्या गटाला एवढे कडक होण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा वाटप, आणि त्यासाठी चार माणसांचा अर्धा दिवस. वर्षाच्या अठ्ठेचाळीस पाळ्या पंचवीस घरांत वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दोन येतात. वर्षातून दोन अर्धे दिवस! इतके करूनही पाळी चुकविणारे निघतात, आणि त्यांत सर्वांत सधन घरे पुढे असतात. नोकराला पाठवून पाळी भरल्याचे समाधान ती मानतात. गटाने याला पहिल्याच बैठकीत हरकत घ्यावी. नोकर पोते उचलील, पण बाजरी कुबट आहे की नाही याचा निर्णय तो करू शकत नाही, आणि परत पाठविण्याचा अधिकारही त्याला नसतो.

व्यापारी घरांपाशी याच ठिकाणी असे काही आहे, जे इतरांपाशी नसते. मूठभर गहू तळहातावर घेऊन, दाताखाली दाणा फोडून, त्यातील ओल सांगणारी माणसे त्यांच्या घरात आहेत. निवृत्त होऊन घरी बसलेले, दुकानाची सूत्रे मुलांकडे दिलेले ज्येष्ठ ही अशा गटाची खरी पुंजी. वाहतूकदाराशी भाडे ठरविणे, बारदान परत करणे, पोत्यामागे किती तूट धरायची ते जाणणे, ही विद्या त्यांना शिकवावी लागत नाही. गावातील किराणा व्यापाऱ्यालाही गटाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. एखाद्या व्यापाऱ्याने गोदामाची जागा आणि काटा उपलब्ध करून दिला आणि किलोमागे ठरीव हाताळणी घेतली, तर ती उघडपणे वहीत लिहावी. आक्षेप लपविलेल्या नफ्याला असावा, उघड मोबदल्याला नव्हे.

भावाच्या बाबतीत मात्र व्यापारी सवय आडवी येते. बाजार उतरला की सौदा मोडावासा वाटतो. २०१५च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच तुरीचा पीकभार एवढा आला, की क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असताना महाराष्ट्रातील शेतकरी त्याखाली माल विकत होते आणि खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. अशा बाजारात शेतकऱ्याशी पेरणीच्या वेळी केलेला करार पहिल्या वर्षी शेतकऱ्याला टोचला असता आणि दुसऱ्या वर्षी ग्राहकाला. दोघांनीही तो पाळला असता, तर दोन वर्षांची सरासरी दोघांच्याही हिताची निघाली असती. म्हणून करार एका हंगामाचा करू नये. निदान तीन वर्षांचा करावा, आणि भावाची खालची व वरची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. जुन्या पेढ्यांवर तोंडी शब्दावर लाखांचे व्यवहार होत. त्याच शब्दाची येथे गरज आहे. फरक इतकाच, की समोर पेढीवाला नसून कोरडवाहू शेतकरी आहे आणि शब्द मोडल्यास तो कोर्टात जाणार नाही. तो फक्त पुढच्या वर्षी पुन्हा फवारणी सुरू करील.

अहिंसेचा हिशेब

फवारणीचा विषय केवळ ग्राहकाच्या पोटापुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. मजुराच्या श्वासात जे जाते, तेच शेतातील मधमाशा, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्म जीवांवरही पडते. पाणी गाळून पिणाऱ्या घराने ताटातील भाजीमागचे हे रामायण नजरेआड करावे, हे विसंगत आहे.

परंतु 'सेंद्रिय' या शब्दाने अहिंसेची हमी मिळते असे मानणाऱ्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय मानकांत हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी, मासळीपासून बनलेली खते यांना मर्यादित स्वरूपात परवानगी आहे. मानकांचा प्रश्न एवढाच, की पदार्थ रासायनिक आहे की नैसर्गिक. तो कसा मिळविला हा त्यांचा विषय नाही. त्यामुळे प्रमाणपत्र असलेला भाजीपाला पूर्णपणे सेंद्रिय असूनही श्रावकाला खटकणाऱ्या खतावर वाढलेला असू शकतो. दुकानातील पुड्यावरून हे कळण्याचा मार्ग नाही. शेतकऱ्याशी थेट नाते असलेल्या गटाला मात्र ते विचारता येते, आणि करारात लिहिताही येते. महाराष्ट्रात अडचण फारशी येऊ नये. येथील सेंद्रिय शेती बव्हंशी शेणखत, कंपोस्ट, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क आणि जीवामृत यांवर चालते. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या जीवामृतात एका एकरासाठी दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती एवढेच लागते.

दुसरी अडचण धान्यातील किडीची, आणि ती स्वयंपाकघरापर्यंत येते. व्यापारी गोदामात धान्याला अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी दिली जाते. सेंद्रिय धान्याला ती देता येत नाही. परिणामी वर्षाचा सेंद्रिय गहू एकदम भरून ठेवणाऱ्या घरात पावसाळ्यापर्यंत सोंडे दिसू लागतात आणि कडधान्याला भुंगा लागतो. इतर घरांत ते धान्य चाळून दळायला जाते. जैन घरात ते दळता येत नाही, टाकतानाही जीव कासावीस होतो. जीव वाचविण्यासाठी घेतलेल्या धान्यात जीवोत्पत्ती व्हावी, हा पेच अनेक घरांनी अनुभवला आहे, आणि त्यानंतर सेंद्रिय धान्याचे नाव काढलेले नाही.

यावर आजीच्या काळचे उपाय अजून निकामी झालेले नाहीत: कडक उन्हात दोन-तीन वाळवणे, दाताखाली कट्कन फुटेपर्यंत, एरंडेलाचा हात, कडुलिंबाचा वाळलेला पाला, घट्ट झाकणाचे भांडे. दाण्यात ओलच राहिली नाही तर कीड वाढतच नाही, म्हणून कोणाला मारण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. पण दोन खोल्यांच्या सदनिकेत अंगण कोठून आणायचे? येथे गटाची रचनाच मदतीला येते. साठा शेतकऱ्याकडे, त्याच्या अंगणात वाळवून ठेवलेला. गटाने तो महिन्या-दोन महिन्यांच्या गरजेपुरता मागवायचा, आणि आषाढापूर्वीच पावसाळ्याच्या महिन्यांचा वेगळा, पुन्हा वाळविलेला हप्ता घ्यायचा. पीठ तर गटाने मागवूच नये. पिठाची मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते आणि पावसाळ्यात ती सर्वांत थोडी असते. लांबून आलेले पीठ पोहोचतानाच तिच्याबाहेर जाण्याची शक्यता अधिक.

भाजीपाल्याची गोष्ट आणखी निराळी. कोणत्याही भाजी-टोपलीचा अर्धा भार बटाटे, कांदे, गाजर, बीट, रताळी यांवर असतो, कारण त्या टिकतात. कंदमुळे वगळणाऱ्या घरांची टोपली उरते ती दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार, काकडी, तोंडली यांची. म्हणजे लवकर सुकणाऱ्या भाज्यांची. टिकाऊपणात लाल भोपळा आणि कच्ची केळी एवढाच काय तो आधार. त्यात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणारी घरे, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणारी घरे, पर्युषणात व दशलक्षण पर्वात हिरवे पूर्ण बंद ठेवणारी घरे. शेतकऱ्याला हे आधी सांगितले नाही, तर श्रावण-भाद्रपदात त्याचा पालक काढणीला आलेला असतो आणि पंचवीसही घरांतून नकार येतो. मेथीच्या त्या तीस किलोंची घट मग दुकानदाराऐवजी शेतकऱ्याच्या माथी बसते.

त्यामुळे जैन कुटुंबांच्या गटाने भाजीपासून सुरुवात करू नये. आधी धान्य, डाळी, गूळ, हळद यांची घडी बसवावी. भाजीचा करार करायचाच, तर तिथींचे पंचांग शेतकऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याला दुसरे गिऱ्हाईकही असू द्यावे. त्याच शेतात कांदा असतो, त्यावर त्याचा संसार चालतो. तो दुसरीकडे विकण्याची त्याला मोकळीक हवी. फळे व भाजीपाला २०१६च्या जुलैपासून महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झालेला आहे, तेव्हा थेट विक्रीत कायद्याचा अडसर राहिलेला नाही.

विश्वास आणि काटा

बनावट माल अस्सल म्हणून विकणे आणि मापात कमी-अधिक करणे, हे दोन दोष जैन परंपरेने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत फार पूर्वीच गणले आहेत. तत्त्वार्थसूत्रात त्यांना 'प्रतिरूपकव्यवहार' आणि 'हीनाधिकमानोन्मान' अशी नावे आहेत. सेंद्रिय बाजाराला आज जडलेला मोठा रोग यांतील पहिला. साधा गूळ रंगाने काळसर दिसला की तो सेंद्रिय ठरतो, आणि किडका दाणा हा शुद्धतेचा पुरावा म्हणून खपविला जातो.

तपासणीचे दोन अधिकृत मार्ग आहेत. एक त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्राचा. तो निर्यातीच्या गरजेतून आला आणि लहान शेतकऱ्याला खर्चिक पडतो. दुसरा सहभागी हमीचा, ज्याला पीजीएस म्हणतात. यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो. रूपांतराच्या काळातील मालाला 'पीजीएस ग्रीन' आणि पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असा दर्जा मिळतो. वेष्टनबंद मालावर 'जैविक भारत' हे चिन्ह असते. त्याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली केले. खरेदी गटासाठी पीजीएसचा मार्ग अधिक सोयीचा, कारण त्या पाहणीला ग्राहकही जाऊ शकतात. वर्षातून एकदा दहा-बारा जणांनी शेतावर जावे, शेजारच्या शेतातून औषधाचे तुषार येऊ नयेत म्हणून बांधाला झाडे आहेत का ते पाहावे, गोठ्यात जनावरे किती आणि शेती किती याचा मेळ घालावा. वीस एकर शेती आणि एक गाय असेल, तर खत कोठून येते हे विचारायला कृषितज्ज्ञ लागत नाही. शिवाय वर्षातून एखादा नमुना न सांगता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. काही हजारांचा खर्च पंचवीस घरांत वाटला की नाममात्र राहतो.

शेतकरी कोठे शोधायचा, याचे एक उत्तर समाजाच्या आतच आहे. शहरांतील जैन कुटुंबे बहुधा व्यापारात असली, तरी सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव या पट्ट्यात जैन समाजाचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. ऊस, द्राक्षे, हळद, सोयाबीन, भाजीपाला त्यांच्या शेतात आहे. हाडांचा चुरा का नको, पर्युषणात पालक का नको, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. डाळीसाठी विदर्भ-मराठवाड्याकडे जावे लागेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल तिकडे गावोगावच्या बचत गटांकडे आहे, त्यामुळे तुरीची डाळ गावातच होऊन येऊ शकते.

कागदोपत्री व्यवस्था साधी ठेवावी. पहिले वर्ष गट नोंदणीशिवाय चालवून पाहण्यास हरकत नसावी. पुढे सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची झाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. जुलै २०२२पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्य, डाळी व पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही. म्हणजे पोते एकत्र घेऊन वाटण्यात ही बचतही आहे. वाटपाची जागा स्थानक किंवा मंदिराच्या आवारात धरण्याचा मोह टाळावा. तेथील निधीशी, विजेशी, नोकरांशी या व्यवहाराची सरमिसळ झाली की देवद्रव्याचा वाद उभा राहतो आणि चांगले काम त्यात बुडते. सोसायटीचा वाहनतळ पुरे. वाटप दुपारीच उरकावे. चौविहार करणाऱ्या घरांना सूर्यास्ताच्या तोंडावर रांगेत उभे करणे योग्य नाही. आणि पैसे मागणीबरोबरच. या एका नियमाला जवळचा नातेवाईकही अपवाद असू नये, कारण उधारीची पहिली चिठ्ठी ज्या दिवशी लिहिली जाते त्या दिवसापासून शेतकऱ्याचे पैसे उशिरा जाऊ लागतात.

काम सुरू कधी करावे, याचे उत्तर पेरणीचे वेळापत्रक देते. तूर जूनमध्ये पेरली जाते आणि बाजारात येते ती जानेवारी-फेब्रुवारीत. तिची मागणी मृगापूर्वी कळवावी लागते. गहू नोव्हेंबरात पेरतात. म्हणून पहिल्या वर्षी गव्हापासून आरंभ करणाऱ्या गटाने पंचवीस घरांची यादी दिवाळीतील वहीपूजनाच्या आत पुरी करावी. निम्मी रक्कम त्याच आठवड्यात शेतकऱ्याकडे जावी, म्हणजे बियाणे व मशागतीसाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही. उरलेली रक्कम माल काट्यावर चढल्यावर. चैत्राच्या उन्हात वाळलेली ती पोती एप्रिलमध्ये उतरतील, तेव्हा पहिल्या पाळीची चार घरे कोणती, हेही यादीच्या तळाशी आताच लिहून ठेवावे.